फुगवलेलं नाव

श्रावण न्हाव्यानं माझ्या गालांना साबण लावला, हनुवटीवर ब्रश गोल फिरवला, आणि वस्तरा हातात घेतल्यावर बाकावर बसलेल्यांकडे वळून म्हणाला, "मी सांगतो ना, सगळ्यात फुकटचं नाव आझाद बँडचं. मिटला विषय."

"का रे? ते तुझ्याकडे दाढी करत नाहीत म्हणून?" बाकावरचे दगाभाऊ म्हणाले. एस्टीत कंडक्टर होते, आता रिटायर. पण बोलताना हातातल्या चावीनं बाकाच्या लोखंडावर टकटक करत होते, जसे काही अजून तिकिटंच फाडू राहिले.

"कपडे भो, नुसते कपडे! लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पांढरे बूट. डोळे मिटून ऐका एकदा. आत काहीच नाही."

"आणि तुझा न्यू अप्सरा?"

"अप्सरा चांगला."

"काय चांगला? गाडीवर दोन भोंगे, एक पेटीसारखं वाजवायचं विजेचं खोकं. वीज गेली की अप्सरा गेली. मागे शिरपूरच्या वरातीत गेली होती. अर्धा तास नवरदेव घोड्यावर, आणि बँडवाले वायर हुंगू राहिले."

सगळे हसले. मीही साबणाच्या आतून हसलो.

ही तापीकाठच्या वडाळीची गोष्ट. मी तिथं उत्तम आबांच्या घरी आमच्या बँडची सुपारी पक्की करायला गेलो होतो. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. आबा मळ्यात गेलेले, म्हणून त्यांच्या घरातून मला सांगितलं, 'बसा, नाहीतर दाढी करून या.' म्हणून सलूनमध्ये आलो. मी बँडवाला आहे हे कुणाला माहीत नव्हतं. साधा सदरा, पायात चप्पल. क्लॅरनेट घरी.

लगीनसराई तोंडावर आली की खान्देशात सलूनमध्ये दुसरा विषय नसतो. कोणता बँड खरा आणि कोणता नुसता नावाचा, यावर माणसं शेजाऱ्याशी अबोला धरतात. मला ऐकायला गंमत वाटत होती. मग कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला.

"तुम्ही खऱ्या नावाला हातच लावू नाही राहिले."

तो झिपरू शिंपी. मांडीवर कुणाचं तरी झंपर, तोंडात दोरा. इतका वेळ खाली मान घालून काजं करत होता.

"कोणतं नाव?" श्रावण म्हणाला.

झिपरूनं सुईनं भिंतीकडे दाखवलं. आरशाच्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, ते फार उशिरा, सुनेच्या हाताखाली आलं. पण कागद कुणाचा ते वाचायची गरज नव्हती. वर लुकमान मास्तरांचा फोटो होता. काळ्याभोर मिशा, छातीवर बिल्ले, हातात ट्रम्पेट. आमचा दिलखुश बँड.

"दिलखुश?" दगाभाऊंची चावी थांबली. "झिपरू, तोंड सांभाळ. लुकमान मास्तर म्हणजे काय माणूस आहे! माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी बिदाई वाजवली, तर माझा बाप रडला. माझा बाप! आई वारली तेव्हा नव्हता रडला."

"तेव्हाचं तेव्हा. दिलखुशचं नाव आता फुगवलेलं आहे, आणि तेही गालांनी फुगवलेलं."

"म्हणजे?"

"मागच्या हंगामात पारोळ्याला लग्न होतं. मी देवळापासून मांडवापर्यंत त्यांच्या पुढं पुढं, मागं बघत चाललो. मास्तर ट्रम्पेट तोंडाला लावतात, डोळे मिटतात, गाल हे असे. आणि सूर निघतो क्लॅरनेटातून. ट्रम्पेट दिसतं, ऐकू येत नाही."

"हं, पाहुणे, हलू नका," श्रावण म्हणाला. "कापेल."

मी हललो होतो.

कारण झिपरू खरं बोलत होता. हे मला आणि मास्तरांना सोडून कुणाला ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो. ट्रम्पेटवाल्याचं सगळं पुढच्या दातांवर. मास्तरांचे वरचे चार दात आधी हलायला लागले, मग पडले, मग कवळी आली. कवळीवर ट्रम्पेटचं तोंड टेकत नाही, ती सरकते. आम्ही दोघांनी त्यावर एकदाही न बोलता एक तोड काढली. वरच्या पट्टीतलं सगळं मी क्लॅरनेटवर ओढायचो, मास्तर ट्रम्पेट उचलून गाल फुगवायचे. वीस माणसांच्या गोंगाटात खपून जायचं. मला शेळ्यांमागून उचलून ज्या माणसानं हातात वाद्य दिलं, त्याच्यासाठी एवढं करणं मला काही जड नव्हतं.

"मग उत्तम आबा कुणाला सांगू राहिले?" श्रावणनं विचारलं.

"विचार करू राहिले. पण ऐका," झिपरूनं दोरा तोडला. "नवरदेवाकडचे शिरपूरचे. ते अप्सरा आणणार. म्हणजे वेशीत सामना होणार."

नवऱ्याकडचे दुसरा बँड आणणार, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सामना म्हणजे काय, ते सांगतो. नवऱ्याकडचा बँड आणि नवरीकडचा बँड वेशीत समोरासमोर उभे राहायचे. एकानं एक चाल वाजवायची, मग दुसऱ्यानं दुसरी. कुणीही एकदा वाजवलेली चाल परत वाजवायची नाही, ना आपली ना त्यांची. जो परत वाजवील तो हरला. त्यानं टोप्या काढून समोरच्याला वाट द्यायची. पण मुहूर्त आला तरी कुणी चुकलं नाही, तर सगळी वाद्यं खाली ठेवायची आणि फक्त दोन मास्तरांनी एकेकट्यानं वाजवायचं. त्याला एकेरी म्हणत. एकेरीत मास्तरांना माझ्या मागं लपता येणार नव्हतं.

तेवढ्यात उत्तम आबा स्वतःच दारात आले. धोतराला माती, डोक्यावर टॉवेल. माझं तोंड साबणात होतं. त्यांनी मला पाहिलं, पण ओळखलं नाही.

"काय ठरलं पंचांचं?" ते म्हणाले. "मी काय करू? दिलखुश की आझाद?"

"दिलखुश!" दगाभाऊ.

"सामना आहे आबा, नाक कापून घ्याल," झिपरू.

"आझाद नको, एवढंच माझं म्हणणं," श्रावण म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "या पाहुण्यांना विचारा. बाहेरगावचे आहेत, यांना कुणाचं सोयरसुतक नाही. काय पाहुणे, तुम्ही ऐकलाय दिलखुश?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुपारी गेली तर हंगामातलं एक मोठं लग्न हातचं जाणार होतं. पण लग्नं काय, दुसरी मिळाली असती. मास्तर वेशीत ट्रम्पेट तोंडाला लावून उभे आहेत, आतून नुसती हवा येतेय आणि दोन गावं बघू राहिली, हे चित्र मला दिसलं.

"ऐकलाय," मी म्हणालो. "शिंपीदादा बरोबर सांगू राहिले. फुगवलेलं नाव आहे. तुम्ही आझादला सांगा. कोट तरी चांगले आहेत."

झिपरूनं मांडीवर हात मारला. "बघा!"

श्रावणनं टॉवेल ओला करून माझं तोंड पुसलं. उत्तम आबा दोन पावलं पुढं आले, वाकले, आणि आरशात माझ्याकडे बघत राहिले.

"अरे," ते म्हणाले, "हा तर सुपडू! दिलखुशचा क्लॅरनेटवाला!"

मग दगाभाऊ असे हसले, की चावी हातातून पडली. "घरचाच माणूस घराला नावं ठेवू राहिला!"

"आबा, मी खरंच सांगतो..." मी उठायला लागलो.

"काही सांगू नको," आबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "आजपर्यंत माझ्या दारात सात बँडवाले येऊन गेले. प्रत्येक जण सांगतो, आमच्यासारखा दुसरा नाही. स्वतःच्या बँडला फुगवलेलं म्हणणारा तू पहिला भेटला. असली माणसं ज्या बँडमध्ये आहेत, तो बँड माझा. सुपारी पक्की! श्रावण, याच्या दाढीचे पैसे माझ्याकडे."

मी किती सांगितलं तरी ते त्यांना विनयच वाटला. फक्त झिपरू हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"सामन्याला पंच मीच असतो," मी बाहेर पडताना तो म्हणाला. "दरवेळी असतो. या गावात चाली सगळ्यात जास्त मलाच पाठ आहेत. म्हणजे एकेरीत आपली भेट होईल."

मी घरी येऊन मास्तरांना सगळं सांगितलं, सलूनमधलं माझं बोलणंही. ते आपल्या अंगणात खाटेवर बसून ट्रम्पेटची बटणं पुसत होते. माझं ऐकून घेतलं.

"फुगवलेलं म्हणालास?"

"म्हणालो."

"हं." ते बटण दाबून बघत राहिले. "सामना आहे म्हणतोस. बरं. वाजवू."

"आणि एकेरी आली तर?"

"आली तर मी आहे की."

"मास्तर..."

"सुपड्या, गल्लीतून शेळ्या चालल्यात बघ. जा, त्या मोजत बस."

एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. संध्याकाळी मी त्यांच्या घरामागून जात होतो, तर आतून फू-फू असा आवाज येत होता. चुलीत फुंकणी घालावी तसा. बराच वेळ येत होता.

लग्नाच्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही वेशीत उभे राहिलो. समोर न्यू अप्सरा. त्यांचा मास्तर किशोर, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, गळ्यात ते विजेचं खोकं, आणि खरं सांगायचं तर बोटं सोन्याची. दगाभाऊंनी सलूनमध्ये काहीही म्हटलं असो, पोरगा फुकटच्या नावाचा नव्हता. मधल्या जागेत खुर्ची टाकून झिपरू बसला होता. अंगावर नवा सदरा, मनगटाला अजून टाचण्यांची उशी बांधलेली. काढायची राहिली असावी.

आम्ही गणपतीच्या आरतीनं सुरुवात केली. त्यांनी देवीचं गाणं काढलं. आम्ही लावणी, त्यांनी लावणी. मग सिनेमातल्या चाली, जुन्या, त्याहून जुन्या. मास्तर बोटं दाखवत, मी उचलत होतो. आमच्या खुणा ठरलेल्या. एक बोट म्हणजे भजन, दोन म्हणजे बिदाई, मूठ म्हणजे कोळीगीत. मास्तर डोळे मिटून गाल फुगवत होते. त्यांच्या कपाळावरून घाम कानापर्यंत चालला होता.

लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते. "अप्सरा, खोक्यात अजून काही आहे का?" "दिलखुश, म्हातारा झोपला का?" दगाभाऊ आमच्या बाजूला उभे राहून प्रत्येक चाल संपली की चावीनं खांबावर ठोकत होते. किशोरच्या माणसांना दोनदा एकमेकांत कुजबुजावं लागलं, पण ते चुकले नाहीत. आम्हीही नाही.

ऊन देवळाच्या कळसावर जाऊन बसलं. उत्तम आबा गर्दीतून आले आणि झिपरूच्या कानाशी लागले. झिपरू उभा राहिला.

"मुहूर्त जवळ आला," तो म्हणाला. "दिलखुशची एक चाल, अप्सराची एक. मग एकेरी."

बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मास्तरांकडे पाहिलं.

मीही मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी दोन बोटं वर केली. बिदाई. ती कुणी वाजवली नव्हती, त्यांनी मुद्दाम शेवटी राखून ठेवली होती. ती वाजवून आम्ही सुटलो असतो, अप्सरानंही एखादी काढली असती, आणि मग सगळी वाद्यं जमिनीवर.

मी क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि गणपतीची आरती सुरू केली.

आमचे ढोलवाले माझ्या मागं चालणारे. दोन ठोके ते माझ्यासोबत आले, मग त्यांचे हात अडखळले. उखा आमचा खुळखुळा वाजवणारा, जाडजूड गडी. तो मात्र आणखी थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला, कारण तो कधी कुणाकडे बघत नसे.

"परत!" झिपरू ओरडला. "ही वाजवलेली! पहिलीच वाजवलेली!"

शिरपूरकरांनी टोप्या हवेत फेकल्या. कुणी ओरडलं, "दिलखुश नाही, हा तर विसरखुश!" दगाभाऊंनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्लॅरनेटवाल्यानं घालवली. या सुपडूचं डोकं शेळ्यांनी खाल्लं!"

मी खाली बघत होतो. सगळ्यात आधी टोपी मास्तरांनी काढली. मग आम्ही काढली, बाजूला झालो आणि अप्सरा वाजत वाजत मधून गेली. किशोरनं जाताना वाकून मास्तरांच्या पायाला हात लावला. झिपरू मागं राहिला होता. तो माझ्याजवळ आला, टाचण्यांची उशी मनगटावरून सोडवत.

"बँडवाला आपली पहिलीच चाल विसरतो, हे मी आज बघितलं," तो म्हणाला.

"होतं कधी कधी."

"नाही होत," झिपरू म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जेवून जा. पहिल्या पंगतीला. आबांना मी सांगतो, हार-जीत वेशीतली, पान सगळ्यांचं." आणि गेला. पुढं त्यानं ट्रम्पेटचा विषय सलूनमध्ये कधी काढला नाही, असं मला दगाभाऊंकडून कळलं. दिलखुश बुडवला तो क्लॅरनेटवाल्यानं, असंच वडाळीत बोललं जाई, आणि त्याला झिपरूही मान डोलवायचा म्हणे.

जेवणं झाली, आम्ही टेम्पोत बसलो. मास्तर नेहमीप्रमाणे पुढं ड्रायव्हरशेजारी, बाकी आम्ही मागं वाद्यांवर. माझ्यावर सगळे रागावलेले असणार, असं मला वाटत होतं. तापीचा पूल ओलांडल्यावर टेम्पो थांबला. मास्तर उतरून मागं आले.

"सुपड्या, मी किती बोटं दाखवली?"

"दोन."

"तुला दिसली?"

"दिसली."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून रुमाल काढला, तोंडातून कवळी काढून त्यात गुंडाळली आणि रुमाल खिशात ठेवला. वीस माणसांसमोर. त्यांचा चेहरा एकदम आत गेला, अनोळखी झाला. मग त्यांनी ट्रम्पेट उचललं, ओठ आत दुमडून हिरडीवर घेतले, आणि फुंकलं.

एक सूर निघाला. खालचा, जाडसर, कडेनं थोडा फाटलेला. त्यांनी तो बराच वेळ धरला. वर गेला नाही, खाली आला नाही. पुलाखाली कुणी गुरं पाजत होतं, त्यानं मान वर करून बघितलं.

मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतलं. धापा टाकत होते.

"एवढा एकच राहिलाय," ते म्हणाले. बिनदातांनी शब्द ओले निघत होते. "कवळीशिवाय निघतो. कालच सापडला. एकेरीत हाच वाजवणार होतो मी."

मी एवढंच म्हणालो, "लोक हसले असते, मास्तर."

"हसले असते." त्यांनी तोंड पुसलं. "मी रात्रभर तेच घोकत होतो. हसू दे, हसू दे म्हणून. आणि तिथं तू आरती सुरू केलीस ना, तेव्हा इतकं बरं वाटलं मला, की माझीच मला लाज वाटली." मग बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "तुम्हाला आत्ता कळलं असेल."

सगळे आपापल्या वाद्याकडे बघत होते. शेवटी उखा म्हणाला, "मास्तर, आम्हाला दोन वर्षं झाली कळून."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते. त्या बोळक्या तोंडानं हसू लपत नव्हतं. एकेक करून सगळेच हसायला लागले. मी एकटाच हसत नव्हतो. मग मलाही आवरलं नाही.

हसणं ओसरल्यावर मास्तरांनी ट्रम्पेट त्याच्या पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि टेम्पोच्या फळीवर पाय दिला.

"मास्तर, तुम्ही पुढं बसा," मी म्हणालो.

"पुढं तू बस. रस्ता दाखवायला कुणीतरी पुढं लागतं. उखा, सरक. तुझं ते वाजवायचं काय ते इकडे दे."

"खुळखुळा? मास्तर, तो माझा आहे!"

"तू ढोल घे. तुझ्या अंगाला तो शोभेल."

मी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. त्या जागेवर मी आधी कधी बसलो नव्हतो. गाडी सुरू झाली. काच उघडी होती, म्हणून मागचं ऐकू येत होतं. खुळखुळ्याचा आवाज आला, ठेक्याच्या पुढं, मग ठेक्याच्या मागं, मग भलतीकडेच.

"अहो, असं नाही," उखा सांगत होता. "खांद्यातून नाही हलवायचं. मनगटातून, मास्तर, मनगटातून."

"बरं, उस्ताद," लुकमान मास्तर म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.